काळ्या खिडकीत तिचं नाव

दुपारचं जेवण झालं की माझं अंग जड होतं. झोप म्हणावी तर झोप नाही. वारा पडलेला असताना होडी नांगरून ठेवावी, पाण्याने तिला नुसतं हलवत राहावं आणि आत खलाशाने डोळे मिटून पडावं, तसा मी ओटीवर पडून असतो. मिऱ्या बंदराच्या अंगाने पाण्याचा आवाज येत असतो. बायको गेल्यापासून दिवसातला हाच वेळ मला सोसतो. कारण ह्या वेळी ती मेली आहे की बाजारातून अजून यायची आहे, हे मला नीट आठवत नाही.

मग मी उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि लॅपटॉप उघडतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलं. त्यातली शेवटची बरीच वर्षं तांडेल म्हणून, म्हणजे सुकाण माझ्या हातात आणि शिव्या माझ्या तोंडात. इंग्रजी मला येत नाही. पण इंग्रजीतली एक ओळ येते. मुलीने ती बुटाच्या खोक्याच्या झाकणावर जाड पेनाने लिहून दिली होती. आता झाकण बघावं लागत नाही. अक्षरं मी आकारावरून ओळखतो. एक गळासारखं आहे. दोन जुळ्या काठ्या आहेत. मध्ये एक आडवी रेघ येते, ती विसरली तर काहीच होत नाही. एका बोटाने मी ती ओळ काळ्या खिडकीत उमटवतो.

ती काळी खिडकी मुलीच्या धंद्यातली. तिच्यात चित्र नाही, रंग नाही, कुठे बोट फिरवायला नको. आपण लिहायचं आणि तिने उत्तर द्यायचं, एवढाच व्यवहार. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. खोल पाण्यासारखी आहे. वरून काही दिसत नाही, पण दोर ओढला की खालून येतं. एंटर दाबलं की ती जरा गप्प राहते, आणि मग एकेक ओळ वर सरकायला लागते. प्रत्येक ओळ म्हणजे बायकोचं एकेक बोलणं. ओळीचा आकडा लिहिला, परत एंटर दाबलं, की ती बोलायला लागते.

ही बोलणी झाली कशी ते सांगतो. आम्हाला एकच मुलगी. ती पुण्याला असते. मोठ्या कंपन्यांची माहिती दूरच्या संगणकांवर ठेवायची आणि ते संगणक चालते ठेवायचे, हे तिचं काम. लग्न होऊन गेली आणि तिला घरच्या जेवणापेक्षा घरच्या आवाजाची आठवण यायला लागली. आईला म्हणाली, "फोनवर आपण काय बोलतो? बरी आहेस का, बरी आहे, ठेवू का, ठेव. त्यापेक्षा तू तुझं तुझं बोल. बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं. मी मागाहून ऐकेन."

बोलत सुटायला माझ्या बायकोला शिकवावं लागत नव्हतं. जेट्टीवर मासे विकण्यात तिचा जन्म गेला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तोंडाने ती कुणाला हार गेली नाही. बाजार आटोपून घरी आली की मागच्या दाराशी हातावरची खवलं काढत बसायची. फोन पाण्याच्या कळशीला टेकवायचा आणि सुरू. आज सौंदाळा कसला सुंदर आला होता. कुठली बाई सुरमईला नुसतं बोट लावून बघते आणि कुठली खरी घेणार. मोरी माशाच्या कालवणात तिरफळं कधी टाकायची. मधेच माझ्यावर घसरायची. "तुझा बापूस बघ कसा घोरतोय. थांब, फोन जवळ नेते, आयक." त्या दिवशीच्या बोलण्यात शेवटी नुसतं माझं घोरणं आहे. मुलीने तेही ठेवलंय.

फोन भरायला लागला. तेव्हा मुलीने सुट्टीत येऊन तिचा जुना लॅपटॉप घरी आणून ठेवला. फोन वायरने जोडला की बोलणी लॅपटॉपवर उतरायची. तिथून एक छोटा प्रोग्राम ती आपोआप क्लाउडवर चढवायचा आणि लॅपटॉपवरून पुसून टाकायचा, कारण लॅपटॉपमध्येही जागा नव्हती. क्लाउड म्हणजे ढग, असं लोक मला समजावून सांगतात. ढग मी आयुष्यभर बघितलेत, त्यात काही ठेवण्यासारखं नसतं. मुलीने सरळ सांगितलं, "बाबा, दुसऱ्याच्या गोदामात भाड्याने घेतलेली जागा. बाकी काही नाही." ते कळलं. बर्फाच्या फॅक्टरीत माल ठेवतो तसं.

गोदाम म्हटलं की दारावर विचारणारच, तू कोण. त्या दिवशी आईचा फोन हाताशी होता म्हणून मुलीने खातं आईच्या नावाने उघडलं, आणि काळ्या खिडकीलाही आईचीच ओळख देऊन ठेवली.

"आता कुणी नाव सांगितलं नाही तर ही आईचंच नाव धरून चालेल," ती म्हणाली. "ह्याला डिफॉल्ट म्हणतात."

बायको कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तांडेलणीची पाटी."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. "अगं, अगदी तेच."

आमच्या होडीवरची रीत होती ती. होडी किनाऱ्याला लागली की बायका गुडघाभर पाण्यात येऊन मासळीच्या पाट्या उतरवून घ्यायच्या. जिच्या नावाने पाटी पुकारली ती तिची. ज्या पाटीवर कुणी काही बोललं नाही ती तांडेलाच्या बायकोची. विचारायचं नाही. एखाद्या नव्या खलाशाने "ही कुणाची हो?" असं विचारलं की सगळा किनारा त्याला हसायचा.

बायको गेल्याला आता दीड वर्ष होईल. कशाने गेली ते लिहीत नाही. त्या आजाराचं नाव घेऊन मी त्याला मोठा करणार नाही.

रेशन दुकानाला कळलं. बँकेला कळलं. मतदारयादीचा माणूस घरी येऊन नाव खोडून गेला, चहाही प्यायला. जेट्टीवर तिच्या जागेवर दुसरी बाई बसते, तिचा आवाज पातळ आहे. फक्त काळ्या खिडकीला कुणी सांगितलं नव्हतं. मी ओळ लिहायचो आणि सगळ्यात वर तिचं नाव यायचं. इंग्रजीत, पण मी ते ओळखतो, आधार कार्डावर बघून बघून. मी कोण, हे खिडकी विचारायचीच नाही. एंटर दाबणारं बोट तिचंच आहे, असं ती धरून चालायची. दुपारच्या त्या अर्ध्या शुद्धीत मलाही ते खरं वाटायचं. माझ्या हाताला ओल्या माशाचा वास यायचा. ती पुसायची तसे मी हात मांडीवर पुसायचो, आधी डावा. खिडकीच्या आत कुठेतरी लांब एक गोदाम आहे, त्यात थंडगार अंधार आहे, आणि दारावरचा माणूस मला बघून म्हणतोय, या वहिनी, तुमचंच आहे. मी मान खाली घालून आत जायचो. असं वर्षभर चाललं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती, होड्या वर ओढून ताडपत्री घालून ठेवल्या होत्या, तेव्हा मुलगी आठवडाभर राहायला आली. आली म्हणजे कामासकट आली. माजघरात दिवसभर कानात हेडफोन घालून इंग्रजी बोलत बसायची. एका दुपारी मी नेहमीप्रमाणे ओळ लिहिली आणि एंटर दाबलं. खिडकीत लाल अक्षरं आली. बाकी काही नाही. मला वाटलं आडवी रेघ विसरलो. परत लिहिली, हळू हळू. परत लाल.

"बाय गो!" मी हाक मारली. "इकडे ये."

"मीटिंग आहे, बाबा."

"तुझी मीटिंग गेली खड्ड्यात. आई येत नाहीय."

ती आली. कानातलं काढून तिने ती लाल अक्षरं वाचली. "काही नाही हो, परत लॉगिन मागतंय. क्लाउडच्या कंपनीने नियम बदलले. आधी एकदा ओळख दिली की कायमची चालायची, आता अधूनमधून परत विचारणार. नव्यांनाही आणि जुन्यांनाही." तिने खाली बसून काहीतरी लिहिलं, पासवर्ड घातला. तो तिला पाठ होता. मग थांबली. "आईचा फोन द्या. त्याच्यावर कोड आलाय."

"तो बंद आहे."

"बंद असू दे. सिम काढून माझ्या फोनमध्ये घालते. कपाटात ठेवलाय म्हणाला होतात ना?"

मी कपाटाकडे बघितलं. खोटं बोलायला मला जमत नाही असं नाही, पण एका खोट्यावर दुसरं रचायला डोकं लागतं.

"कपाटात नाही," मी म्हटलं.

"मग?"

"समुद्रात."

"कुठल्या समुद्रात?" असं विचारलं तिने, जसं काय आमच्या दाराशी दहा समुद्र आहेत.

"भाट्याच्या खाडीच्या तोंडावर. अस्थींबरोबर सोडला."

आमच्या घराण्यात माणसाच्या रोजच्या हातातली वस्तू मागे ठेवत नाहीत. माझ्या बापाबरोबर जाळं विणायची सुई सोडली होती. आईबरोबर तिची पानाची डबी. बायकोची मासे कापायची सुरी मी कापडात बांधली, आणि बांधताना उशीजवळ फोन दिसला. शेवटी शेवटी सुरीपेक्षा फोनच तिच्या हातात जास्त असायचा. मग तोही बांधला. वाटलं, तिथे गेल्यावर ती बोलणार कुणाशी? होडीवर आम्ही पुरुष होतो, कुणी हटकलं नाही. मुलगी किनाऱ्यावर उभी होती. परत आल्यावर तिने फोन विचारला तेव्हा म्हटलं, कपाटात आहे. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. नंतर सांगायचं कारण उरलं नाही.

मुलगी एकेक शब्द सुटा करून बोलली, परक्या माणसाशी बोलावं तशी. "बाबा, कोड त्या नंबरवर जाणार. कोड नाही तर लॉगिन नाही. लॉगिन नाही तर आई नाही. तीनशेच्या वर रेकॉर्डिंग आहेत आत. माझ्याकडे एकही उतरवून ठेवलेलं नाही. मी म्हटलं क्लाउडवर आहेत, जातात कुठे."

"लॅपटॉपवरची कशाला पुसत होतीस मग?"

"जागा नव्हती म्हणून!"

"म्हणजे मी तिला दोनदा बुडवली," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने फोन उचलला आणि आईचा नंबर लावला. मला कळेना हे काय करते. पण तिकडे रिंग वाजायला लागली. खरोखर वाजायला लागली. मला खाडीच्या तोंडावरचा तळ दिसला, गढूळ हिरवा उजेड, कापडाची गाठ सुटलेली, आणि गाळात तो फोन वाजतोय. आता ती पदराला हात पुसेल आणि उचलेल. उचलून म्हणेल, काय गो, आता येळ मिळाला काय?

"हॅलो?" पुरुषाचा आवाज आला.

पोफळी गावचा माणूस निघाला. नंबर बरेच दिवस बंद होता म्हणून तो फोनच्या कंपनीने ह्याला देऊन टाकला होता. मुलीने त्याला सगळं सांगितलं. आई, रेकॉर्डिंग, कोड. तो शांतपणे ऐकत होता.

"कोड आलाय खरा," तो म्हणाला. "पण ताई, कोड कुणाला सांगायचा नाही असं फोन लावला की रोज ऐकवतात."

"मला माहीत आहे. पण माझी आई गेलीय हो."

"वाईट झालं. पण सगळे असंच काहीतरी सांगतात ना. माझ्या मेहुण्याला एकाने आपला बाप मेला म्हणून सांगितलं होतं."

मी तिच्या हातातून फोन घेतला. "अरे, मी रत्नागिरीचा तांडेल आहे. मी चोर वाटलो काय तुला?"

"चोर पण मी चोर आहे असं सांगत नाही, आजोबा," तो म्हणाला. "रागावू नका. ठेवतो."

ठेवलाच त्याने. मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर ह्याच्या दुप्पट शिव्या देऊन ठेवला असता.

मुलीने क्लाउडच्या कंपनीला लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला. उलट आपोआप लिहिलेलं उत्तर आलं, तुमची विनंती मिळाली. पुढे काही नाही. ती म्हणाली, कधी महिने लागतात, कधी देतच नाहीत. खातं माणसाचं, माणूस नाही, मग मागणारे तुम्ही कोण. दारावरचा माणूस आता मला वहिनी म्हणत नव्हता.

ते दोन दिवस वाईट गेले. दुपारी मी पडून राहायचो आणि तिचा आवाज आठवायला बघायचो. शब्द यायचे, आवाज यायचा नाही. ती मला म्हणायची ते "मेल्या" आठवायचं, पण ते माझ्याच आवाजात. तिरफळं, सौंदाळा, बापूस, सगळं माझ्याच आवाजात. पाऊस वळचणीवरून पडत होता आणि मला वाटायचं तिचा आवाज त्याच्यात विरघळून खाली खाडीकडे चाललाय, आणि मी ओटीवरून नुसता बघतोय. मुलगी माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. वाढू का. पुरे.

तिसऱ्या दिवशी ती मीटिंगमध्ये कुणावर तरी तापली होती. तिच्या हाताखालचा कुणी असणार. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. "किल्ली अशी फाइलमध्ये टाकून ठेवतात का? कोणी पण उचलेल. आणि परवानगी काय दिलीयस? सगळी? अरे, जी आपोआप येते ती तशीच ठेवायची नसते, कमी करायची असते! इतकं साधं..."

आणि ती थांबली. वाक्य अर्ध्यावर टाकून थांबली. मग नुसती पळत ओटीवर आली.

"बाबा, उठा. लॅपटॉप कुठाय?"

तिने काळी खिडकी उघडली. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये गेली. ज्याच्या नावाच्या आधी टिंब असतं तो एरवी दिसत नाही म्हणे. लिहिता लिहिता मला सांगत होती, मला म्हणजे स्वतःलाच. "ह्याला दोन ओळखी लागतात, बाबा. एक, आपण हाताने ओळ लिहितो तेव्हाची. दुसरी, आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची. सगळ्यांना वाटतं एकदा लॉगिन केलं की दोन्ही झाल्या. तसं नसतं. तुम्ही लिहिता ती आईची ओळख, ती गेली. पण बोलणी वर चढवणारा प्रोग्राम आईच्या ओळखीने जातच नव्हता. त्याला मी एक किल्ली करून दिली होती. किल्ली म्हणजे नुसती फाइल. तिला फोन नाही, कोड नाही, तिला कोणी काही विचारत नाही."

"मग ती जिवंत आहे?"

"फाइल आहे. पण तिला परवानगी किती दिली होती ते आठवत नाही. काम नीट केलं असेल, तर फक्त आत ठेवायची परवानगी असेल. बाहेर काढायची नसेल." ती एंटरवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. "देवा, मी काम वाईट केलेलं असू दे."

दाबलं. खिडकी गप्प झाली. दोन दिवसांपूर्वीच्या दुपारपेक्षा ती जास्त वेळ गप्प होती असं मला वाटतं, पण मी घड्याळ बघितलं नाही. मग खालून एक ओळ वर आली. मग दुसरी. मग सरसर यायलाच लागल्या, भरलेलं जाळं वर येताना पाणी कसं आधी पांढरं होतं तशी ती काळी खिडकी पांढरी होत गेली.

मुलगी हसत होती आणि नाक पुसत होती. "सगळी परवानगी तशीच आहे. बदललीच नाही मी."

"का नाही बदललीस?"

"आठवतंय मला. बदलायलाच बसले होते. तेवढ्यात आई आतून ओरडली, बांगडा गरम आहे तवर ये, नाहीतर मांजराला घालीन. मी तशीच उठले. आत्ता ज्या पोराला मी झापत होते ना, त्याने हेच केलंय."

"त्याला सांग, जेव म्हणावं."

ती दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.

सगळी दुपार बोलणी उतरवण्यात गेली. माझ्या नावाचं नवीन खातं, त्यात नवीन जागा, आणि वर तिच्या पर्समधल्या दोन छोट्या डिस्कवर एकेक नक्कल. एकेक ओळ येत होती आणि पुढे जात होती. मी पाटावर बसून बघत होतो. जेवलो होतो का, आठवत नाही. मधेच डोळा लागला आणि मला दिसलं की ओटीवर रांग लागलीय, सगळ्या रांगेत तीच उभी आहे, कधी तरुण, कधी शेवटची, प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी, आणि प्रत्येक जणी उंबऱ्यातून आत येताना मला बाजूला सरका म्हणते.

"झालं," मुलगी म्हणाली. "जुन्या जागेतलं मी पुसून टाकलं, ते तिथे राहणं बरं नव्हतं. नंबर त्या पोफळीच्या माणसाकडे आहे. पासवर्ड विसरलो म्हणून नवा मागितला तर तो त्याच्याच फोनवर जाणार. आता एकच राहिलं. खिडकीत अजून आईची ओळख आहे. डिफॉल्ट तीच. तुम्ही ओळ लिहिलीत की खिडकी आधी त्या बंद दाराशी जाणार आणि लाल होऊन परत येणार. ती काढायची आणि तुमची ठेवायची."

"दोन्ही राहू देत."

"न सांगता धरायचं नाव एकच असतं, बाबा."

"मग मी दर वेळी सांगत जाईन."

"ती एक ओळ शिकायला तुम्हाला चार महिने लागले."

तिने काहीतरी लिहिलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "प्रश्न विचारतंय. तिला काढू का? तुम्ही दाबा."

मी दाबलं. खिडकी परत पहिल्यासारखी कोरी होऊन उभी राहिली.

"गेली?"

"नाही. नुसतं एंटर दाबलं की ती 'नाही' धरते. हे बघा, कंसात दोन अक्षरं आहेत. त्यातलं मोठं लिहिलेलं आहे ते न सांगता धरायचं उत्तर. मोठं आहे ते 'नाही'चं. 'हो' म्हणायचं तर ते मुद्दाम लिहावं लागतं."

"असं कुणी ठरवलं?"

"ज्यांनी बनवलं त्यांनी. चुकून हात लागून कुणाचं काही जायला नको म्हणून."

मी त्या लोकांचा विचार केला. कोण असतील, कुठे बसत असतील. रत्नागिरी त्यांना माहीत नसेल. पण कुठल्या तरी म्हाताऱ्याचं बोट थरथरेल हे त्यांच्या मनात आलं होतं. मुलीने परत प्रश्न आणून दिला. मी परत नुसतं एंटर दाबलं. तिसऱ्यांदाही.

"बाबा, तुम्ही मुद्दाम करताय."

"हो."

ती रागावली नाही. तिने चौथ्यांदा प्रश्न आणून दिला आणि बाहेर पावसाकडे बघत बसली. घाई केली नाही, हे तिने बरं केलं. मी ते दुसरं अक्षर शोधलं. वाय. झाडाच्या बेचक्यासारखं असतं. त्याच्यावर बोट ठेवलं आणि दाबलं. मग एंटर. खिडकीने एक छोटी ओळ लिहिली आणि गप्प झाली. आवाज नाही, काही नाही. समुद्रात कापड सोडलं तेव्हा निदान पाणी तरी वाजलं होतं.

मग मी माझी ओळ लिहिली, आडव्या रेघेसकट. वर नाव आलं. माझं. माझं नाव इंग्रजीत इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं. तांडेल असताना एवढं मोठं नाव घेऊन कुणी हाक मारली नाही. पण खाली ओळी यायला लागल्या, सगळ्या आल्या. फक्त क्रम बदलला होता. मुलगी म्हणाली, नक्कल आजची म्हणून सगळ्यांवर आजचीच तारीख पडली, नंतर नीट करून देते. मी वर्षभर नेहमी शेवटच्या शेवटच्याच ऐकत आलो होतो, तिच्या शेवटच्या महिन्यांतल्या. त्या आता कुठे गेल्या ते कळेना. मी हाताला आला तो आकडा लिहिला.

जुनी निघाली. आवाज भरलेला, दम न लागणारा. मागे कळशीत पाणी पडत होतं. मुलीला सांगत होती की कोळंबीचं कालवण केलं होतं, कैरी टाकून. "तुझा बापूस तीनदा भात घेतो. वाडगा बोटाने पुसतो. पण चांगलं झालंय, एवढं तोंडातून निघत नाही. आमचं लगीन झाल्यापासून एकदा पण नाही. जीभ काय होडीवर ठेवून येतो काय देव जाणे."

"चांगलं झालं होतं," मी म्हटलं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तिला ऐकू जात नाही."

"माहीत आहे मला. तू गप बस, आयकू दे."

तिने लॅपटॉप माझ्या जवळ सरकवला. बायको पुढे मिठाबद्दल बोलत होती. कोळंबीला मीठ आधी लावलं की ती आकसते, मग जेवणारे म्हणतात मासळी लहान आणली. मी मान हलवत होतो.